विंडोज फॉरमॅट करू नका: जँगो बसवताना येणाऱ्या एररचा उलगडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. विंडोज ११ च्या लॅपटॉपवर पायथन टाकलं, पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने) जँगो (पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) टाकलं, ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ हे शब्द डोळ्यांनी पाहिले आणि लगेच पुढच्या कमांडला ‘नो मॉड्यूल नेम्ड जँगो’ आलं. व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (एका प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) करून पाहिली, तर पॉवरशेलने (विंडोजच्या कमांड द्यायच्या खिडकीने) ‘रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड’ म्हणत अडवलं. व्हीएस कोड या एडिटरमध्ये इम्पोर्टच्या ओळीखाली नागमोडी रेघ आहे. पायथन काढून पुन्हा टाकूनही झालं. आता विंडोजच फॉरमॅट करावं का?

अजिबात नको. फॉरमॅट करून हे सुटणार नाही आणि चुकून सुटलंच, तर का सुटलं ते कळणार नाही. पुढच्या प्रोजेक्टला पुन्हा हेच. तुमच्या तीन तक्रारींपैकी पहिली आणि तिसरी एकाच कारणाच्या आहेत. दुसरी सुरक्षेची एक सेटिंग आहे आणि ती एका ओळीत सुटते.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत देते आहे. टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या, आणि खरोखर टाइप करायच्या. याचं कारण पुढे येईलच.

आधी मूळ मुद्दा. तुमच्या मशीनवर एकापेक्षा जास्त पायथन आहेत. पिपने जँगो एका पायथनमध्ये टाकलं आणि तुम्ही चालवताय दुसरं. दोघंही खरं बोलताहेत: पिपच्या दृष्टीने जँगो बसलेलं आहे, दुसऱ्या पायथनच्या दृष्टीने नाही. पायथन काढून पुन्हा टाकल्याने हा गुंता बहुधा वाढतो, कारण एक आवृत्ती संकेतस्थळावरून घेतलेली, एक मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून आलेली, एखादी ॲनाकोंडाबरोबर आलेली, अशी गर्दी होते. म्हणून काहीही नवं टाकण्याआधी मशीनला विचारा की कोण कुठे आहे.

कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हेअर पायथन’ आणि मग ‘व्हेअर पिप’ द्या. पाथमध्ये (विंडोज प्रोग्रॅम जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) सापडलेल्या सगळ्या जागा ओळीने दिसतील आणि सर्वांत वरची असते तीच वापरली जाते. पायथनची पहिली ओळ एका फोल्डरमधली आणि पिपची दुसऱ्याच फोल्डरमधली असेल, तर रोग सापडला. इथे एक खाच आहे. पॉवरशेलमध्ये ‘व्हेअर’ हे वेगळ्याच आज्ञेचं टोपणनाव आहे, त्यामुळे तिथे काहीच छापलं जात नाही आणि पायथन नाहीच असं वाटतं. पॉवरशेलमध्ये ‘व्हेअर.ईएक्सई पायथन’ असं पूर्ण लिहा. पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरून इन्स्टॉल केलं असेल, तर ‘पीवाय’ नावाचा लाँचरही आलेला असतो. ‘पीवाय -०पी’ दिलं की त्याला माहीत असलेली सगळी पायथन जागेसकट दिसतात.

यादीत ‘विंडोजॲप्स’ नावाच्या फोल्डरमधलं पायथन दिसलं, तर ते खरं पायथन असेलच असं नाही. २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने तिथे एक छोटी फाइल ठेवली आहे. पायथन टाकलेलं नसताना ‘पायथन’ टाइप केलं की ती स्टोअर उघडून देते. ‘पायथन वॉज नॉट फाउंड’ असं म्हणून स्टोअरचा उल्लेख करणारा संदेश तिचाच. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या विभागात ‘ॲप एक्झिक्यूशन एलिअसेस’ आहे, तिथे पायथनची दोन्ही बटणं बंद करा. यानंतर, किंवा पाथमध्ये कुठलाही बदल केल्यावर, टर्मिनलची खिडकी बंद करून नवी उघडा. उघडलेल्या खिडकीकडे जुनाच पाथ असतो. व्हीएस कोडच्या आतलं टर्मिनल वापरत असाल, तर अख्खा व्हीएस कोड बंद करून उघडावा लागतो. पाथ बरोबर करूनही ‘इज नॉट रेकग्नाइज्ड’ येतच राहिल्याने हैराण झालेल्या कितीतरी मुलांचं काम फक्त नवी खिडकी उघडून झालेलं मी पाहिलं आहे.

आता कायमचा उपाय. नुसतं ‘पिप इन्स्टॉल जँगो’ लिहायची सवय सोडा. ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल जँगो’ असं लिहा. अर्थ सरळ आहे: जे पायथन मी आत्ता चालवतेय, त्याच्याच पिपने त्याच्यातच टाक. मग ‘पायथन -एम जँगो --व्हर्जन’ देऊन खात्री करा. ‘जँगो-ॲडमिन’ ही कमांड सापडत नाही अशी तक्रारही इथेच मिटते. ती फाइल पायथनच्या ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरात असते आणि ते फोल्डर पाथमध्ये नसलं की मिळत नाही. ‘पायथन -एम जँगो स्टार्टप्रोजेक्ट’ लिहिलं तर तिची गरजच राहत नाही.

व्हीएस कोडची नागमोडी रेघ हा जँगोचा एररच नाही. एडिटरने आपल्यापुरतं कुठलं तरी पायथन निवडलेलं असतं आणि त्यात जँगो नसतं. खालच्या पट्टीतल्या पायथनच्या आकड्यावर क्लिक करून किंवा ‘पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर’ घेऊन प्रोजेक्टचं पायथन निवडा. रेघ जाईल. ती असतानाही टर्मिनलमध्ये प्रोग्रॅम नीट चालू शकतो, हे लक्षात असू द्या.

व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटकडे येऊ. पायथन ३.३ पासून ‘व्हेन्व्ह’ हे मॉड्यूल पायथनबरोबरच येतं, वेगळं काही टाकायला नको. प्रोजेक्टच्या फोल्डरात ‘पायथन -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह’ दिलं की ‘.व्हेन्व्ह’ नावाचं फोल्डर तयार होतं आणि त्यात त्या प्रोजेक्टपुरतं स्वतंत्र पायथन बसतं. ‘ॲक्टिव्हेट’ करणं म्हणजे त्या एका खिडकीपुरतं हे फोल्डर पाथच्या सर्वांत पुढे आणून ठेवणं, याहून त्यात मोठं काही नाही. हे समजलं की पॉवरशेलच्या लाल अक्षरांची भीती जाते. नेहमीच्या विंडोजवर पॉवरशेलमध्ये स्क्रिप्ट चालवायला मुळातच बंदी असते, आणि ॲक्टिव्हेटची फाइल ही स्क्रिप्टच आहे. स्वतःच्या लॅपटॉपवर ‘सेट-एक्झिक्यूशनपॉलिसी -स्कोप करंटयूजर रिमोटसाइन्ड’ एकदा दिलं की पुरे. ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करू नका, त्याची गरज नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा ऑफिसच्या मशीनवर ही सेटिंग बदलू देत नसतील, तर कमांड प्रॉम्प्ट उघडा, तिथे ‘ॲक्टिव्हेट.बॅट’ चालते. तेही नको असेल, तर ॲक्टिव्हेट न करता ‘.व्हेन्व्ह\स्क्रिप्ट्स\पायथन’ असा पूर्ण रस्ता देऊन प्रत्येक कमांड चालवा. निकाल अगदी तोच मिळतो.

हे फोल्डर हलवायचं मात्र नाही. पेन ड्राइव्हवर अख्खा प्रोजेक्ट ‘.व्हेन्व्ह’सकट कॉपी करून मित्राला देणं, किंवा वरच्या फोल्डरचं नाव बदलणं, या दोन्हींनंतर ‘फेटल एरर इन लाँचर’ येतो, कारण आतल्या फाइलींमध्ये जुन्या जागेचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. दुरुस्त करत बसू नका. ‘.व्हेन्व्ह’ पुसा, नवं करा आणि ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी’ द्या (त्या फाइलमध्ये प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजेसची यादी असते). ते फोल्डर पुसलं तरी चालतं, तुमचा कोड त्यात नसतोच.

उबुंटू वापरणाऱ्यांना वेगळा धक्का बसतो. २०२३ मध्ये आलेल्या उबुंटू २३.०४ आणि डेबियन १२ पासून सिस्टीमच्या पायथनमध्ये पिपने काही टाकू गेलं की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट’ असा एरर येतो. त्याच संदेशात ‘--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस’ हा पर्यायही सांगितलेला असतो आणि घाईत लोक तोच वापरतात. कृपा करून वापरू नका. उबुंटूची स्वतःची कित्येक साधनं त्याच पायथनवर चालतात, त्यातल्या लायब्ररी बदलल्या तर उद्या दुसरंच काही बंद पडेल. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३-व्हेन्व्ह’ करा, व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट बनवा, त्यात जँगो टाका. ‘एन्शुअरपिप इज नॉट अव्हेलेबल’ आलं तरी उपाय हाच. आणि तिथे बाहेर ‘पायथन’ ऐवजी ‘पायथन३’ लिहावं लागतं. व्हेन्व्ह ॲक्टिव्हेट केल्यावर नुसतं ‘पायथन’ चालतं.

एरर वाचायचा कसा, यावर थोडं थांबते, कारण बहुतेक वेळ इथेच वाया जातो. पायथनचा ट्रेसबॅक, म्हणजे एरर आल्यावर छापल्या जाणाऱ्या ओळींची यादी, खालून वर वाचायचा. त्याच्या पहिल्या ओळीतच ‘मोस्ट रीसेंट कॉल लास्ट’ म्हटलेलं असतं, म्हणजे शेवटची घटना शेवटी. सर्वांत खालच्या ओळीत एररचा प्रकार आणि कारण असतं. तिथून वर जाताना तुमच्या स्वतःच्या फोल्डरातल्या फाइलचं नाव जिथे पहिल्यांदा भेटेल, ती ओळ उघडा. मधल्या जँगोच्या आतल्या वीस-पंचवीस ओळी सध्या सोडून द्या. अपवाद एकच: मध्ये कुठे ‘ड्युरिंग हँडलिंग ऑफ द अबाव्ह एक्सेप्शन’ किंवा ‘द अबाव्ह एक्सेप्शन वॉज द डायरेक्ट कॉज’ असं वाक्य असेल, तर मूळ कारण त्याच्या वरच्या भागात असतं, खालचा भाग म्हणजे त्या धक्क्याचा परिणाम. ‘मॅनेज.पीवाय’ (प्रोजेक्टच्या कमांड चालवणारी जँगोची फाइल) यातल्या दुसऱ्या वाक्याचं उदाहरण आहे. जँगो मिळालं नाही की ती खाली ‘कुडन्ट इम्पोर्ट जँगो’ असं लांबलचक वाक्य लिहिते आणि शेवटी विचारते, व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट ॲक्टिव्हेट करायला विसरलात का? बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असतं. पण कधी जँगो व्यवस्थित असतं आणि वरच्या भागात त्याने इम्पोर्ट केलेली दुसरीच एखादी गोष्ट सापडत नसते. खालचं वाक्य वाचून जँगो पुन्हा पुन्हा टाकत राहिलात, तर दिवस जातो.

त्याच चालीचा दुसरा एरर म्हणजे ‘डिस्टयुटिल्स’ मिळत नाही म्हणणारा. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या पायथन ३.१२ मधून हे मॉड्यूल काढून टाकलं आहे आणि जुन्या जँगोला ते लागतं. आपल्याकडे क्लासच्या नोट्स आणि व्हिडिओ बऱ्याचदा जँगो २ किंवा ३ च्या काळातले असतात, लॅपटॉपवर मात्र ताजं पायथन. ‘युगेटटेक्स्ट_लेझी’ इम्पोर्ट होत नाही, ‘जँगो.कॉन्फ.युआरएल्स’मधून ‘युआरएल’ मिळत नाही, हे दोन्ही त्यातलेच. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या जँगो ४.० मधून या दोन्ही गोष्टी काढल्या आहेत. पहिल्याच्या जागी ‘गेटटेक्स्ट_लेझी’ आणि दुसऱ्याच्या जागी ‘पाथ’ किंवा ‘आरई_पाथ’ वापरायचं. उलट बाजूही आहे. जँगो ५.२ ला किमान पायथन ३.१० लागतं आणि ६.० ला ३.१२. पायथन जुनं असेल तर पिप तक्रार न करता त्याला चालेल अशी जुनी जँगो आवृत्ती उचलतो, आणि मग अधिकृत दस्तऐवजातल्या गोष्टी तुमच्याकडे का नाहीत ते कळत नाही. म्हणून शिकायला बसताना नोट्स कुठल्या आवृत्तीच्या आहेत ते आधी बघा. माझं स्पष्ट मत: नवशिक्याने जुना व्हिडिओ सोडून जँगोचं अधिकृत ट्युटोरियल आपल्या आवृत्तीनुसार निवडून करावं. इंग्रजी सोपं आहे आणि कमांड तपासलेल्या आहेत.

‘फेल्ड बिल्डिंग व्हील’ हा एरर दिसायला सर्वांत भयंकर. तो बहुधा डेटाबेसच्या ड्रायव्हरमुळे येतो: मायएसक्यूएलसाठी ‘मायएसक्यूएलक्लायंट’, पोस्टग्रेससाठी ‘सायकोपीजी२’. यांचा काही भाग सी भाषेत आहे. तुमच्या पायथन आवृत्तीसाठी आधीच बांधलेलं पॅकेज (यालाच व्हील म्हणतात) नसेल, तर पिप ते तुमच्या मशीनवर बांधायला बघतो आणि साहित्य नसल्यामुळे पडतो. विंडोजवर मग ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.०’ मागितलं जातं. लगेच कित्येक जीबी डाउनलोड करायला बसू नका. नुकतंच बाहेर पडलेलं पायथन वापरत असाल, तर एक आवृत्ती मागे या, बऱ्याचदा तिच्यासाठी तयार पॅकेज असतं. पोस्टग्रेससाठी शिकताना ‘सायकोपीजी२-बायनरी’ पुरतं. उबुंटूवर मायएसक्यूएलसाठी ‘पायथन३-डेव्ह’, ‘डीफॉल्ट-लिबमायएसक्यूएलक्लायंट-डेव्ह’, ‘बिल्ड-इसेन्शियल’ आणि ‘पीकेजी-कॉन्फिग’ ही चार पॅकेजेस एपीटीने टाकली की बांधणी होते. आणि खरं सांगू का, पहिले काही आठवडे यातलं काहीच लागत नाही. जँगो सुरुवातीला एसक्यूलाइट वापरतं, ते पायथनबरोबरच येतं. आधी ॲप्लिकेशन चालू द्या.

प्रोजेक्टला नाव देताना ‘टेस्ट’ किंवा ‘जँगो’ देऊ नका. ‘कॉन्फ्लिक्ट्स विथ द नेम’ असा नकार मिळेल. नावात डॅशही चालत नाही, अंडरस्कोर चालतो. आपण स्वतः ‘जँगो.पीवाय’ नावाची फाइल बनवली, तर नकार मिळत नाही, पण पायथन खऱ्या जँगोऐवजी तीच इम्पोर्ट करतं आणि अर्थहीन वाटणारे एरर येतात. ‘कान्ट ओपन फाइल मॅनेज.पीवाय’ म्हणजे तुम्ही चुकीच्या फोल्डरात आहात. ‘डीआयआर’ देऊन बघा, फाइल दिसेल तिथे जा.

‘यू हॅव १८ अनअप्लाइड मायग्रेशन्स’ हा एरर नव्हे, डेटाबेसमधली टेबलं अजून बनलेली नाहीत याची आठवण आहे. ‘पायथन मॅनेज.पीवाय मायग्रेट’ द्या. न देता ॲडमिनमध्ये लॉगिन करू गेलात, तर ‘नो सच टेबल’ येईल. ‘मेकमायग्रेशन्स’ला ‘नो चेंजेस डिटेक्टेड’ उत्तर आलं आणि मॉडेल तर तुम्ही लिहिलंय, तर बहुधा ॲपचं नाव ‘सेटिंग्ज.पीवाय’मधल्या ‘इन्स्टॉल्ड_ॲप्स’मध्ये घालायचं राहिलं आहे.

‘दॅट पोर्ट इज ऑलरेडी इन यूज’ हा लिनक्स आणि मॅकवर हमखास भेटतो, कारण सर्व्हर थांबवायला कंट्रोल-सी ऐवजी कंट्रोल-झेड दाबलेलं असतं. त्याने सर्व्हर मरत नाही, गोठतो, आणि ८००० क्रमांकाचं पोर्ट धरून बसतो. त्याच खिडकीत ‘एफजी’ देऊन पुढे आणा आणि कंट्रोल-सी करा. विंडोजवर ‘नेटस्टॅट -एएनओ’च्या यादीत ८००० समोरचा शेवटचा आकडा घ्या आणि टास्क मॅनेजरमध्ये त्या क्रमांकाची प्रोसेस बंद करा. सर्व्हर चालू आहे आणि टर्मिनलमध्ये ‘ॲक्सेसिंग द डेव्हलपमेंट सर्व्हर ओव्हर एचटीटीपीएस’ दिसतंय, तर ब्राउझर एचटीटीपीएसने येतो आहे. ‘लोकलहोस्ट’ऐवजी ‘१२७.०.०.१’ लिहून, सुरुवातीला एचटीटीपी घालून बघा. कुणाच्या सेटिंग्ज कॉपी केल्या असतील, तर त्यातलं ‘सिक्युअर_एसएसएल_रीडायरेक्ट’ही तपासा.

मराठीत काम करणाऱ्यांना भेटणारे दोन-तीन एरर इंग्रजी मार्गदर्शकांत सहसा नसतात, म्हणून ते नीट सांगते. गावांची नावं, कविता, दुकानाच्या याद्या असा मराठी मजकूर डेटाबेसमध्ये भरला आणि ‘डम्पडेटा’ने बाहेर काढू गेलं, तर विंडोजवर ‘चारमॅप कोडेक कान्ट एन्कोड’ येतो. विंडोजची जुनी ठरावीक अक्षरमाला देवनागरी ओळखत नाही. ‘पायथन -एक्स यूटीएफ८ मॅनेज.पीवाय डम्पडेटा’ अशी कमांड द्या आणि फाइलचं नाव ‘--आउटपुट’ने सांगा. ग्रेटर-दॅन चिन्हाने फाइलमध्ये वळवू नका. विंडोजबरोबर येणारं पॉवरशेल ५.१ त्या चिन्हाने बनवलेली फाइल यूटीएफ-१६ मध्ये लिहितं. मग तो डेटा परत भरणारं ‘लोडडेटा’ पहिल्याच बाइटला ‘यूटीएफ-८ कोडेक कान्ट डीकोड’ म्हणून थांबतं आणि आपण आपल्या मराठी मजकुराला दोष देतो. मजकूर निर्दोष असतो. जुन्या डेटाबेसवरून मॉडेल बनवताना ‘इन्स्पेक्टडीबी’चं उत्तर त्याच चिन्हाने ‘मॉडेल्स.पीवाय’मध्ये वळवलं, तर येणारा ‘नल बाइट्स’चा एररही इथलाच. हे काम कमांड प्रॉम्प्टमध्ये करा, किंवा फाइल व्हीएस कोडमध्ये उघडून यूटीएफ-८ म्हणून पुन्हा सेव्ह करा.

आणि कमांड टाइप करा असं वर म्हटलं त्याचं कारण. व्हॉट्सॲपवर, वर्डमध्ये किंवा पीडीएफमध्ये फिरलेल्या कमांडमधले दोन डॅश जुळून एक लांब रेघ होते, सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात. डोळ्याला फरक दिसत नाही, पण पायथन ‘इनव्हॅलिड कॅरेक्टर’ म्हणतं आणि पिपला पर्यायच ओळखू येत नाही. मित्रांना कमांड पाठवायच्या असतील, तर साध्या टेक्स्ट फाइलमधून पाठवा.

ऑफिस किंवा कॉलेजच्या नेटवर ‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड’ येत असेल, तर बहुधा मध्ये प्रॉक्सी (नेटची ये-जा तपासणारा मधला सर्व्हर) आहे. आधी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तीच कमांड देऊन खात्री करा. चालली, तर नेटवर्क सांभाळणाऱ्यांकडून त्यांचं सर्टिफिकेट मागून पिपला ‘--सर्ट’ने द्या. ‘--ट्रस्टेड-होस्ट’ने तपासणीच बंद करायचा सल्ला सर्रास मिळतो, तो मी देणार नाही.

एवढं करूनही अडलात, तर पुन्हा लिहा, पण या गोष्टी मजकूर म्हणून द्या, स्क्रीनचा फोटो नको: ‘व्हेअर.ईएक्सई पायथन’चं उत्तर, ‘पायथन -एम पिप --व्हर्जन’चं उत्तर (त्यात पिप कुठल्या पायथनचा ते लिहिलेलं असतं), तुम्ही दिलेली कमांड जशीच्या तशी, ती कुठल्या फोल्डरातून दिली ते, आणि ट्रेसबॅक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. ‘सेटिंग्ज.पीवाय’ जोडायची झाली, तर त्यातली ‘सीक्रेट_की’ आणि डेटाबेसचा पासवर्ड आधी काढून टाका.